नाव

मंगळवारी रात्री, तुझी आई मासळीच्या कारखान्यात पाळीवर गेल्यावर
तू वही आणून चुलीपाशी ठेवलीस.
गणिताची वही, मागच्या पानापासून उलटी सुरू केलेली.
म्हणालीस, "मला काहीतरी आहे. आत्ताच वाच.
पण माझ्यासमोर नको वाचूस."
दोन्ही एकदम कसं जमायचं, हे विचारायच्या आत
टेबलाखाली जाऊन बसलीस.

वाचलं मी.
लोकरीचा स्वेटर: मुंग्या.
वर्गातल्या ट्यूबलाइटची गुणगुण, जी फक्त तुला ऐकू येते.
बाई तीन गोष्टी सांगतात, तुझ्यापर्यंत पहिली पोचते
आणि तिसरीचं शेपूट.
दप्तर दोनदा फेरीबोटीत राहिलं.
"दिवसभर हसू धरून ठेवते. घरी आल्यावर गाल दुखतात."
एकोणतीस नोंदी, तारखांसकट,
आणि तळाशी चौकटीत तो शब्द,
वाचनालयातल्या जाड पुस्तकातून उतरवलेला,
एक अक्षर खोडून दुरुस्त केलेलं.

मी काय म्हणालो?
"अगं, हे तर सगळ्यांचंच होतं."
सुताराच्या ओठांत खिळे असतात
तसं बापाच्या तोंडात हे वाक्य तयारच असतं.
ठोकलं आणि मोकळा झालो.

टेबलाखालून बराच वेळ काही नाही.
मग: "सगळ्यांचे गाल दुखतात?"

झोप कुठली. कंदील घेऊन शेडमध्ये गेलो.
म्हाताऱ्या सेलेदोनियोची नाव उपडी पडली होती.
महिनाभर सांगत होता, पाणी येतंय.
मी बाहेरून पाहिलं, फळ्या वाजवल्या, म्हटलं, ठणठणीत आहे.
"असेल," तो म्हणाला, "पण रोज डबड्यानं उपसतो मीच ना."
फट कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं.
उपसणं माहीत होतं.

तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा खिळेच येतील,
म्हणून तुझ्याच वहीत लिहितोय, एकोणतिसाव्या नोंदीखाली.

तो शब्द बरोबर आहे का, मला ठाऊक नाही.
नीट उच्चारताही येत नाही.
कास्त्रोची डॉक्टरीण चिठ्ठी देईल,
चिठ्ठी खाडी ओलांडून पुएर्तो माँतला जाईल,
तिथे रांग; कुणी सात महिने म्हणतं, कुणी वर्ष.
आणि शेवटी म्हणतीलही, हा नाही, दुसराच शब्द.
किंवा कुठलाच नाही.
तरी तू खोटी ठरत नाहीस, रायेन.
फट सापडली नाही म्हणून
आत आलेलं पाणी खोटं होत नाही.

आजवर तुला नावं ठेवणारेच भेटले.
आळशी. वेंधळी. नाटकी.
(हे तिसरं माझं. मार्चमधलं, स्वेटरवरून.)
तू स्वतःसाठी एक नाव शोधून आणलंस
तर मला वाटलं, पोरीनं खूळ घेतलं डोक्यात.

स्वेटर उसवायला घेतलाय.
आत्याला वाईट वाटेल. वाटू दे.
शुक्रवारी बाईंना भेटेन, कॉलरचा शर्ट घालून.
ही यादी न्यायची की नाही, तू सांग.
नको म्हणालीस तर नुसतं ट्यूबलाइटबद्दल बोलेन.
आणि घरात हसायची सक्ती नाही.
चुलीपाशी तोंड कसंही ठेव.

सतराव्या नोंदीपुढे तू बारीक अक्षरात लिहिलंयस,
"की मी सोंग करतेय?"
तिथे मी पेन्सिलीनं "नाही" लिहिलंय.
खोडू नकोस.

आज सेलेदोनियो आला होता.
त्याला म्हटलं, पाण्यात घालू, तू आत बस,
कुठे ओलं होतं ते दाखव.
त्यानं बोट ठेवलं ते कण्याजवळ,
जिथे मी पाहिलंच नव्हतं.
काम अजून व्हायचंय. लाकूड वाळायला वेळ लागेल.

टेबलाखाली उशी ठेवलीय.
आत्ता तिच्यावर मांजर आहे.
उठव तिला.